कानातला विठ्ठल

ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलीवर घड सुटले की तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत विरळणीची घाई उडते. मांडवाखाली उभं राहायचं, मान मागं टाकायची, हात वर धरून घडातले जादाचे मणी कात्रीनं काढायचे आणि वेलीमागून वेल करत पुढं सरकायचं. तासाभरात खांदे भरून येतात, दुपारनंतर मान वळत नाही. बायकांच्या टोळीत कुणाचा तरी मोबाइल असतो आणि त्याला जोडलेला मुठीएवढा स्पीकर मांडवाच्या तारेला लटकत असतो. सिनेमातली गाणी होतात, हळदीत नाचायची होतात, आणि मध्येच ड्रमचा दणका, बास गिटारची घुमणारी लकेर आणि तिच्यावर स्वार झालेला तुकोबांचा अभंग सुरू होतो. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडनं हा प्रकार तरुणांच्या मोबाइलमध्ये नेऊन बसवला, आणि तिथून तो बागेत आला. कात्र्या भराभर चालायला लागतात.

टोळीत एखादी माळकरी बाई असतेच. ‘देवाचं नाव असं कामाच्या गडबडीत लावायचं असतं व्हय गं?’ ती विचारते. ‘मग आक्का, काम सोडून कधी लावू?’ असं उत्तर येतं.

दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. वाद गिटारपेक्षा कितीतरी जुना आहे, इतकंच. नाम घेताना चित्त नामात हवं की हातातल्या कामात? आणि काम हलकं व्हावं म्हणून देवाचं नाव वापरलं, तर ती भक्ती झाली की नुसती सोय?

गिटारचा मुद्दा आधी निकालात काढावा, कारण तो सोपा आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्याचे चार-चारचे दोन तुकडे पडतात आणि रॉकचा ड्रमर जन्मभर चारच मोजत असतो. त्यामुळं पखवाजाची जागा ड्रमसेटनं घेतली तरी अभंगाला कुठं ओढाताण होत नाही. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. तो तोकडा चरण संपला की मोकळी जागा उरते. दिंडीत तिथं टाळ कडाडतात, बँडमध्ये तिथंच ड्रमर हात धुऊन घेतो. संथ सुरुवात करून लय चढवत नेणं, एकानं चरण म्हणणं आणि बाकीच्यांनी तो उचलून धरणं, हेही बँडनं शोधलेलं नाही. पावली खेळणाऱ्या कुठल्याही दिंडीत ते बघायला मिळतं.

सोवळ्याचं म्हणाल, तर पेटीसुद्धा युरोपातूनच आली आणि आज तिच्याशिवाय भजन सुनं वाटतं. १९३६च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक पद तुकोबांचंच समजून लोक वर्षानुवर्षं भक्तिभावानं गात आले. बँड निदान मूळ शब्दांना हात लावत नाही. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’नं २००० साली ‘कांडिसा’ या अल्बममध्ये अरामी भाषेतली ख्रिस्ती प्रार्थना बास-ड्रमवर चढवली. त्याच अल्बममधलं ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं खोऱ्यातल्या लोकांचं आणि ते गाणारे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले. तेव्हा वाद्यांवरून वाद घालण्यात फारसा राम नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. ती समजायला मोटेकडं जावं लागतं.

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली ही विहीर आता लोक फोटोसाठी बघतात. पण तिच्या काठावर उभं राहिलं की आधी ध्यानात येतं ते हे, की इथं एके काळी बऱ्याच मोटा एका वेळी चालत असणार, म्हणजे बैल आणि माणसं यांचा केवढा कल्लोळ असेल. मोट भरली की बैल धावेवरून उतरणीला लागतात, नाडा ताणला जातो, मोट थारोळ्यात रिकामी होते, बैल मागं मागं येतात. मोटकरी गातो तो या फेऱ्यात. धाव संपली की ओळ संपते. पुढची ओळ कधी सुरू करायची हे बैल ठरवतात. सुगीतली भलरी तशीच. कापणीच्या ओळीत एकजण उचलतो, बाकीचे झेलतात आणि टाळीच्या जागी विळा पडतो. कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १८९६ साली ‘श्रम आणि लय’ या विषयावर एक ग्रंथच लिहिला आणि संगीताचा उगम अशा एकत्र श्रमांत असल्याचं मांडलं. सगळं संगीत तिथूनच आलं हे पटायला जड आहे. मोट आणि भलरी यांच्यापुरतं मात्र त्याचं म्हणणं तंतोतंत खरं.

आता उलटं झालंय. गाणं आधीच मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं, त्याची लय ठरलेली, आणि काम त्या लयीमागं धावतंय. युद्धकाळात बीबीसीनं नेमकं हेच ओळखून २३ जून १९४० पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. कारखान्यांतल्या कामगारांसाठी रोज अर्ध्या-अर्ध्या तासाचं ठेक्याचं संगीत लागे. १९६७ पर्यंत तो चालला. त्यात ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ या गाण्याला मज्जाव होता, कारण त्यात टाळ्या येतात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यातली माणसं हातातलं सोडून टाळ्या वाजवायला लागतील अशी साहेबाला धास्ती. ऐकायचं, पण सामील व्हायचं नाही. कामगाराच्या कानाला मुभा, हाताला आणि तोंडाला बंदी! भलरीच्या नेमकं विरुद्ध टोक.

या टोकाला वारकरी परंपरेतली एक गोष्ट ठेवून बघण्यासारखी आहे. जनाबाईची कीर्ती ऐकून कबीर पंढरपुरी आले, तर दोन बाया गोवऱ्यांवरून कचाकचा भांडत होत्या आणि त्यांतली एक जनी. गोवऱ्या कुणाच्या, याचा निवाडा कबीरांवर आला. जनी म्हणाली, एकेक उचलून कानाला लावा, जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. जनाबाई चौदाव्या शतकातली, कबीर पंधराव्या. काळाचा मेळ बसत नाही आणि कीर्तनात तो कुणी मागतही नाही. पण गोष्ट रचणाऱ्यानं काय रचलंय बघा. शेणात भुसा कालवून हातानं थापायच्या, उन्हात टाकायच्या, उलथायच्या, रचायच्या: घरामागचं सगळ्यात हलकं समजलं जाणारं काम. आणि नाम तिथं मुरलेलं. जनी काही ऐकत नव्हती, म्हणत होती. आवाज तिच्या तोंडातून हातात, हातातून शेणात गेला. आज तो स्पीकरमधून कानात येतो आणि बहुधा तिथंच थांबतो. कबीर आज आलेच, तर विरळणी झालेला घड कानाला लावून त्यांना काय ऐकू येईल, हे सांगवत नाही.

म्हणून माळकरी बाईचं म्हणणं सरळ मान्य करून टाकावं का? तसंही नाही, कारण खुद्द विठ्ठलाचं चरित्र तिच्या विरोधात जातं. हा देव विटेवर उभा कसा राहिला? पुंडलिक आईबापांची सेवा करत होता. देव दारात आला, तर यानं काम न सोडता एक वीट मागं सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. घरकामात गुंतलेल्या माणसानं वाट बघायला लावलेला आणि त्यात कमीपणा न मानलेला हा देव आहे. त्याचं नाव कामाच्या मागं वाजत राहिलं म्हणून त्याचा अपमान होईल, असं समजायला फारसा आधार नाही.

सावता माळ्यानं तर पुढची पायरी गाठली. सोलापूर जिल्ह्यातलं अरण सोडून तो पंढरीला गेला नाही, मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यानं विठाई पाहिली, आणि अजूनही त्याच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातही स्वकर्माच्या फुलांनी सर्वात्मक ईश्वराची पूजा करण्याचा विचार आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत तालुक्याच्या कन्नड बोलणाऱ्या गावांत, हाच विचार बसवण्णांच्या वाटेनं पोचला. तिथं त्याला कायक म्हणतात. दोरखंड वळून पोट भरणाऱ्या नुलिय चंदय्याची गोष्ट पुंडलिकाच्याही वरताण. गवत कापताना गळ्यातलं इष्टलिंग निसटून पडलं, तर हा पठ्ठ्या गवत कापतच राहिला, आणि मला उचल म्हणून लिंगालाच त्याच्या मागं लागावं लागलं. काम आधी, देव नंतर, असं म्हणायची छाती भक्तांच्या या दोन्ही कुळांत होती.

मग साताऱ्याच्या समर्थांचं काय? चाफळ, सज्जनगड, उंब्रज, मसूर, शिराळा, बहे-बोरगाव अशी रामदासांची ठाणी आणि मारुती सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत जागोजाग आहेत. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना त्यांनी पहिला समास श्रवणाला दिला. म्हणजे कानात बोंडं घालून अभंग ऐकणाऱ्या पोराला वाटावं, आपण पहिली पायरी चढलो. पण समर्थांचं श्रवण आळशी नाही. श्रोत्याला सावध राहायला ते पुन्हा पुन्हा बजावतात. ऐकलेलं मनात घोळवून, पारखून घ्यायला सांगतात. लग्नमंडपात ‘सावधान’ ऐकताच पळून गेल्याची ज्यांची आख्यायिका, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार! शेण काढता काढता अर्धवट कानावर पडलेल्या अभंगाला त्यांनी श्रवण म्हटलं असतं, असं वाटत नाही. गोठा मात्र नीट निघाला पाहिजे, हेही त्यांनी तितक्याच कडकपणे सांगितलं असतं.

सावधपणाचा दुसरा अर्थ तर जिवाशीच गाठ घालणारा. तेरचे गोरोबा कुंभार चिखल तुडवताना भजनात इतके रंगले, की रांगत आलेलं पोर पायाखाली आलं तरी कळलं नाही. देवानं पुढं ते मूल परत दिलं आणि गोष्ट भक्तीचा कळस म्हणून सांगितली जाते. पाणी आणायला गेलेल्या त्या आईच्या जागी उभं राहून ही गोष्ट फार थोड्यांनी सांगितली. कारखान्याच्या हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत, डेक पूर्ण आवाजात लावून जाणारे ट्रॅक्टर सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना गोरोबा आठवावेत. मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. डेकवर काय लागलंय, आयटम साँग की अभंग, यानं मागच्या दुचाकीस्वाराला काही फरक पडत नाही. कडबाकुट्टीच्या यंत्रात पेंढी सारताना आणि धावत्या पट्ट्याजवळ वावरताना कान मोकळे हवेत. इथं धर्मशास्त्र बघायची गरज नाही.

आणखी एक कोपरा आहे आणि तो गैरसोयीचा आहे. कामातच देव आहे, हे कोण कुणाला सांगतंय? सावत्यानं स्वतःच्या मळ्यात उभं राहून ते म्हटलं. पण सांगली-साताऱ्याचा ऊस तोडायला बीड-अहिल्यानगरकडून जी माणसं येतात, त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. हत्यार आणि माणूस यांत फरक ठेवलेला नाही. मुकादमाची उचल डोक्यावर, पहाटेच्या थंडीत फडात शिरायचं, पाचट अंगाला कापतं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या. त्या वेळी डेक वाजत असतो ट्रॅक्टरचा. गाणं ड्रायव्हर लावतो, लयही तोच ठरवतो. दणकेबाज गाण्यावर फळीवरचे पाय भराभर पडतात हे खरं, पण त्या वेगाचा हिशेब कुणाच्या खात्यावर जमा होतो? कर्म हीच पूजा, ही पाटी राबणाऱ्याच्या झोपडीवर सहसा नसते, ती ऑफिसात लावलेली असते.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी हाच हिशेब डफ हातात घेऊन विचारला. मुंबईत १९५८ साली झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून श्रमिकांच्या तळहातावर तोललेली असल्याचं सांगितलं. त्यांच्या शाहिरीतही गाणं आणि श्रम यांची सांगड होतीच, फक्त ती माणसाला कामाला जुंपण्यासाठी नव्हती. आणि संतपरंपरेला हा कोपरा ठाऊक नव्हता असंही नाही. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेले चोखोबा भिंत कोसळून गाडले गेले. परंपरा साल सांगते १३३८. नामदेव तिथं गेले आणि ढिगाऱ्यातली हाडं उचलून कानाला लावू लागले. ज्यांतून विठ्ठलनाम आलं ती चोखोबांची.

जनीच्या गोवऱ्या आणि चोखोबांची हाडं. खूण दोन्हीकडं एकच, नाम आतून ऐकू येण्याची. एकीकडं ते राबणाऱ्याचं कौतुक आहे. दुसरीकडं त्या नामानं भिंत थोपवली नाही, वेठही चुकवली नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्यांनी ते झाकूनही ठेवलं नाही. फडात अभंगाचा दणका लावून, देवाच्या नावानं काम करा म्हणणाऱ्यानं ही दुसरी गोष्ट पण सांगावी.

एवढं सगळं मान्य करूनही बँडच्या बाजूनं एक गोष्ट उरते, आणि ती साताऱ्यातच नीट दिसते. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचं रूप देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले शिपाईगडी. लष्कराची शिस्त त्यांनी दिंड्यांना लावली. नीरास्नान करून पालखी साताऱ्याच्या हद्दीत येते, लोणंदचा मुक्काम होतो, तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण लागतं, पुढं फलटण, बरड. या चालीत श्रोता नावाचा माणूसच नाही. वीणेकरी म्हणतो, टाळकरी उचलतात, तुळशीवाली म्हणते, पाणी वाहणारा म्हणतो. मैलामैलाची चाल या गाण्यावर कापली जाते, म्हणजे नाम इथं उघडउघड पायांचं इंधन आहे आणि त्याबद्दल आजवर कुणी दोष दिलेला नाही. नाम श्रम हलके करतं, यावर वारी तर उभीच आहे. तेव्हा बागेत ते चालणार नाही असं म्हणता येत नाही. फरक पडतो तो तोंडाचा. बँडचा अभंग ऐकून टोळी गप्प राहिली तर तो बीबीसीचा कार्यक्रम झाला. पालुपदाला चार जणींनी आवाज मिळवला की भलरी सुरू झाली, मग मूळ आवाज मुंबईचा असो की कुठला. बँडची चाल उडती आणि सोपी असते, ध्रुवपद चार-चारदा फिरून येतं. उचलायला ते बरं पडतं. शास्त्रीय बैठकीतल्या ताना उचलता येत नाहीत, त्या ऐकायच्याच असतात. या हिशेबानं कामावरच्या माणसाला भीमसेनांपेक्षा ड्रमवाल्यांचा अभंग जवळचा, असं म्हटलं तर मिरजेच्या तंतुवाद्यवाल्या गल्लीत राग येईल. येऊ द्या.

हैबतबाबांच्या घडीतलं एक मात्र मोबाइलनं पार विस्कटलं. वारीत कुठल्या वेळी कुठले अभंग म्हणायचे याचा क्रम लागलेला आहे. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वाटेतले अभंग ठरलेले, संध्याकाळी हरिपाठ. दिवस कुठवर आला हे भजनावरून कळावं असा तो बेत. मोबाइलला दिवस ठाऊक नाही. तो आपल्या मर्जीनं एकामागून एक गाणं लावत सुटतो. भर दुपारी बाराला, ऊन टाळूवर असताना, वाळवा-कराडकडच्या एखाद्या वावरात भांगलणीच्या ओळी चालू असतात आणि स्पीकरवर देवाला झोपेतून उठवायचा काकडा लागतो, तोही ड्रमसकट. ‘आत्ता गं बया, उठला न्हाई व्हय अजून?’ म्हणत एखादी आजी खुरपं थांबवते, ओळीतल्या बाया हसतात. मग दुसऱ्या चरणाला आजीच आधी सूर धरते, बँडपेक्षा अर्धी मात्रा मागं, आणि खुरपी तिच्या लयीवर चालू लागतात.